धूमकेतूच्या वहीतला तिचा रकाना

तो धूमकेतू पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मोठ्याने "सापडला!" असं ओरडलो, आणि ओरडून झाल्यावर लक्षात आलं की धाब्यावर मी एकटाच आहे. आमच्याकडे घराच्या सपाट छताला धाबं म्हणतात. पूर्वी ते मातीचं असायचं, आता स्लॅब पडला, नाव तेच राहिलं. मे महिना होता, दिवसभर तापलेला स्लॅब चपलेतूनही तळव्यांना लागत होता, आणि खाली बायको जेवायला हाका मारत होती. मी खाली येईना म्हणून तिने एकदा ताट वाजवलं, मग नाद सोडला.

दुर्बीण माझी घरची आहे. सहा इंची आरसा, आठ इंची पीव्हीसी पाइपात बसवलेला. पाइप मळ्यातल्या लाइनचा उरलेला तुकडा. माझा म्हसावदजवळ सात एकरांचा मळा आहे, आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं छोटं दुकान आहे. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटांना जी सवय लागते तीच आरसा घासायला कामी आली. आरसा घासायचा म्हणजे काचेवर काच ठेवायची, मध्ये पावडर आणि पाणी, आणि डिझेलच्या रिकाम्या टिपाडावर ती मांडून टिपाडाभोवती फिरत फिरत घासायचं. चार महिने. माझ्याबरोबर टिपाडाभोवती फिरायला माझी मुलगी असायची. तेव्हा ती बारा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि मला बाजूला सारून काच हातात घ्यायची. मी पेरूच्या झाडाखाली बिडी ओढत तिचे हात कुठे चुकतात ते बघायचो. ते फारसे चुकायचे नाहीत आणि त्याचा मला थोडा रागही यायचा.

तिथपासून ती नोकरीला लागेपर्यंत आम्ही दोघांनी जे जे दिसेल ते पाहिलं. त्यात छोटे-मोठे सहा धूमकेतू. धूमकेतू पाहायचा म्हणजे नुसतं 'वा वा' करायचं नसतं. तो किती तेजस्वी आहे ते दर वेळी ठरवून लिहायचं असतं. त्याला आकडा देतात. आकडा जितका लहान तितकं तेज जास्त. ठरवायची रीत अशी: धूमकेतू धुरकट पुंजका असतो, तारा टोकदार ठिपका. दोघांची तुलना सरळ होत नाही. म्हणून आधी धूमकेतू नीट डोळ्यात साठवायचा, मग आसपासच्या ताऱ्यांवर दुर्बीण नेऊन तिचा फोकस मुद्दाम बिघडवायचा, तारे पुंजक्याएवढे पसरट होईपर्यंत. कोणता तारा आपल्या पुंजक्याइतका उजळ दिसतो ते बघायचं. त्या ताऱ्याचा आकडा नकाशात असतोच.

दोघं पाहणारे असले तर एक नियम पाळावाच लागतो. आधी लिहायचं, मग बोलायचं. एकाने तोंडातून आकडा काढला की दुसऱ्याचा डोळा भ्रष्ट होतो, त्याला तोच आकडा दिसायला लागतो. म्हणून आम्ही आळीपाळीने बघायचो, एकमेकांकडे पाठ करून आपापल्या चिठ्ठीवर लिहायचो आणि मगच तोंड उघडायचो. अंधाराला सरावलेला डोळा दिपू नये म्हणून टॉर्चला तिच्या आईच्या परकराचं लाल कापड बांधलेलं. चिठ्ठ्या वहीत उतरवायच्या. वहीत एक रकाना माझा, एक तिचा.

"आबा, मी लिखी टाकं. आते बोल," ती म्हणायची. मग मी माझा आकडा सांगायचो आणि भांडण सुरू व्हायचं.

एका धूमकेतूच्या वेळी मी सहा लिहिलं आणि तिने साडेसहा. अर्धा म्हणजे पुष्कळ फरक. मी तिला पुन्हा बघायला लावलं. तिने पुन्हा साडेसहा लिहिलं. मी म्हणालो, तीस वर्षं मी आभाळ बघतोय. ती म्हणाली, मग काय झालं. तिसऱ्यांदाही साडेसहा. मी रागावून दुर्बिणीवर गोणपाट टाकलं आणि खाली जाऊन जेवलो, ती वर बसून राहिली. पुढे दोनेक वर्षांनी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा कळलं की त्या दिवसांत माझा डोळाच दगा देत होता. तिला मी हे कधी सांगितलं नाही. वहीत मात्र माझ्या सहाला बारीक खूण केली आहे.

नर्सिंग करून ती डोंगरात नोकरीला लागली, अक्कलकुव्याच्या वर, काठीच्या अलीकडच्या एका उपकेंद्रात. काठीची होळी बघायला लहानपणी मीच तिला खांद्यावर बसवून घेऊन गेलो होतो, त्यामुळे तो भाग तिला परका नव्हता. तीन-चार वर्षांनी एका संध्याकाळी ती धाब्यावर आली आणि तिथल्या एका शिक्षकाशी लग्न ठरवलंय म्हणाली. मुलगा तिथलाच, आदिवासी. मी त्याला भेटलो नव्हतो. भेटलो असतो तर खोट काढायला काही सापडलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी भेटलो नाही. आमच्या भावकीत काय बोलतील, तिच्या चुलत बहिणींची लग्नं कशी जमतील, हे सगळं मी ओरडून विचारलं. तिने एकेकाचं शांतपणे उत्तर दिलं. उत्तरं संपली तेव्हा मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे. "तिकडे जाशी ना, तर मन्हा धाबावर पाय ठेवानं नही."

ती पायऱ्या उतरून गेली. जाताना कपाटातलं बायनाक्युलर घेऊन गेली. ते तिचंच होतं, स्टायपेंडचे पैसे साठवून घेतलेलं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती आली, ओट्यावर आईबरोबर तासभर बसली. मी दुकानात होतो. म्हणजे मुद्दाम गेलो होतो. ती धाब्यावर न जाता परत गेली आणि नंतर आलीच नाही.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही बाप-लेक बोललो नाही. तिची आई बोलायची. दर रविवारी सकाळी मुलगी पाड्यावरून वर चढून रेंज येते त्या वळणापर्यंत यायची आणि फोन करायची. बायको फोन घेऊन परसात जायची. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. फोन झाला की ती म्हशीला वैरण टाकता टाकता सगळी खबर म्हशीला सांगायची, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "ऐकं का वं, पोरगीनी बदली व्हनारी व्हती, पन नही व्हयनी." म्हैस रवंथ करायची आणि मी ओसरीवर बसून मोटारीची तार गुंडाळायचो. माझ्या मुलीला कावीळ झाली, ती बरी झाली, तिने स्कूटी घेतली, ती डोंगरातल्या रस्त्यावर पडली आणि कोपर सोललं, हे सगळं मला म्हशीमार्फत कळलं.

मे महिन्यात तो धूमकेतू सापडला तेव्हा मला पहिली गोष्ट सुचली ती हीच: तिला कळायला हवं. आकडा होता दहा. म्हणजे फार मंद, तिच्या बायनाक्युलरमधून दिसण्यासारखा नव्हता. पण दसऱ्याच्या सुमाराला तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं सगळीकडे येत होतं. तोवर तिने जागा ओळखून ठेवावी, म्हणजे वेळेला धांदल होणार नाही.

फोन करायचा प्रश्नच नव्हता, निदान माझ्या डोक्यात तरी. म्हणून मीही म्हशीची वाट धरली. शनिवारी संध्याकाळी बायको भाकरी थापत असली की मी चुलीशेजारच्या भिंतीला सांगायचो, "सध्या सिंह राशीकडं सरकी ऱ्हायना. पश्चिमेले, अंधार पडना की."

"आवो, कोनले सांगी ऱ्हायनात?" बायको विचारायची.

"कोनलेच नही," मी म्हणायचो. तिला कळत होतं. ती मान हलवायची आणि भाकरी उलटायची.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळली. धूमकेतू कुठे आहे ते सांगायचो, किती तेजस्वी आहे ते कधीच नाही. माझा आकडा बायकोच्या तोंडून तिच्या कानावर गेला असता तर तिचा डोळा भ्रष्ट झाला असता. तो रकाना मला स्वच्छ हवा होता. हो, रकाना. वही मी पहिल्यासारखीच आखली होती. एक माझा, एक तिचा. तिचा रिकामा ठेवत होतो, पुढे तिच्याकडून घेऊन भरायचा म्हणून.

आता हे लिहिताना स्वतःचीच कीव येते. पण तेव्हा मला त्यात काही वेडेपणा वाटत नव्हता. उलट पावसाळाभर मी खुशीत होतो. धूमकेतू सूर्याच्या जवळ गेला, ढग आले, जुलै ते सप्टेंबर काहीच दिसलं नाही, आणि तरीही मी रोज संध्याकाळी धाब्यावर जाऊन शेवाळ खरवडत होतो. आरसा काढून धुतला. दुर्बिणीची लाकडी पेटी पावसाने फुगली होती ती रंधली. शेजाऱ्याच्या गोठ्यावरचा एलईडी पश्चिमेला बरोबर डोळ्यात जायचा. त्याच्याशी आधी भांडलो, मग त्याच्या मोटारीचं रिवाइंडिंग करून दिलं, तेव्हा त्याने बल्बावर तेलाचा डबा कापून टोपी बसवली. इतक्या वर्षांत पोरीसाठी मी इतकं काही केलं नव्हतं, आणि तेही ती धाब्यावर यायची नसताना.

सप्टेंबर संपता संपता धूमकेतू पहाटे पूर्वेला उगवायला लागला. कापसाच्या शेतावर धुकं असायचं, त्याच्या वर थोडी मोकळी पट्टी, आणि त्या पट्टीत उभी शेपटी. पहिल्या दिवशी मला दुर्बीण लावायचं भानच राहिलं नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पाचेक मिनिटं, मग उजाडलं. मी खाली येऊन बायकोला उठवलं आणि म्हणालो, "पूर्वेले शे, तांबडं फुटाना आधी." ती डोळे चोळत म्हणाली की रविवार अजून तीन दिवस आहे. तेव्हा पहिल्यांदाच आम्ही दोघं उघड बोललो. ती हसली, मीही हसलो.

त्या रविवारी ती परसात बोलत असताना मी ओसरीवर तार गुंडाळणं थांबवलं. मग ती म्हशीकडे आली. तिकडे पावसाने भात चांगला आलाय, जावयाच्या आईचे गुडघे दुखतात, मुलीला रात्री-बेरात्री बोलावतात. धूमकेतूचं अक्षर नाही. मला आधी वाईट वाटलं. मग विचार करता करता एकदम उलगडलं, आणि माझा ऊर भरून आला. ती बोलणार कशी? आधी लिहायचं, मग बोलायचं. मी अजून माझा आकडा सांगितला नव्हता, तीही सांगत नव्हती. तिने नियम पाळला होता! तिकडे डोंगरावर कुठेतरी तिची चिठ्ठी तयार असणार.

मी हे स्वतःला पटवलं, आणि मला ते पटलं. इतकी वर्षं मी ज्या शिस्तीचा धाक घातला त्या शिस्तीनेच ती गप्प आहे, यापेक्षा गोड काही मला त्या वेळी सुचलं नसतं. शिवाय त्यात माझी सोय होती. फोन उचलून "पोरी, माझं चुकलं" म्हणायची गरज नव्हती. नियम संपला की आपोआप बोलणं सुरू होणार होतं.

दसऱ्याला तो संध्याकाळी पश्चिमेला आला. डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती आणि मधोमध हा. शेपटी वीतभर, वर वर पसरत गेलेली. गावातली माणसं आपट्याची पानं द्यायला आली आणि धाब्यावरच थांबली. "तात्या, शेंडीवाला तारा कोठे शे?" म्हणून शेजारी बल्ब बंद करूनच आला, म्हणजे टोपीचाही प्रश्न मिटला. दोन-तीन दिवसांनी मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. शेपटीच्या उलट बाजूला, खाली सूर्याकडे, एक सुईसारखी बारीक रेघ. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जाते तेव्हा तशी दिसते. मला वाचून माहीत होतं, डोळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. इतक्या गर्दीत मी कोणालाही ती दाखवली नाही. ती रेघ तिला दिसली असेल का, तिने आपणहून लिहिली असेल का, हे मला हवं होतं. तिच्याइतकी तिखट नजर आमच्या घराण्यात कोणाची नाही. तिला दिसलीच असणार.

त्या गर्दीत बायकोही वर आली. गुडघ्यांमुळे ती दोन वर्षांत वर चढली नव्हती. तिने पाहिलं, हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पोरगीले बी बलाई लेतात तं." पोरीलाही बोलावून घेतलं असतं तर. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या एका संध्याकाळी मी फोन केला असता तर ती दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने उतरली असती असं मला वाटतं. निदान तसं वाटण्याला जागा तरी राहिली असती.

कोजागिरीच्या चंद्राने सगळं धुऊन टाकलं. चंद्र सरला तेव्हा धूमकेतू उतरणीला लागला होता. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर निवल्यावर आकडा पाच. मग सहा, सात. मी रोज लिहीत होतो. माझा रकाना भरत होता. बायकोने जीपवाल्याच्या हाती फराळ पाठवला तेव्हा त्या पिशवीत तिच्या चिठ्ठीसाठी एक कोरा कागद टाकावा असं मनात आलं होतं, पण ते नियमात बसलं नसतं. तुळशीची लग्नं झाली, पुन्हा चंद्र आला, गेला. नोव्हेंबर संपत आला तेव्हा सहा इंचीतूनही तो शोधावा लागत होता. आकडा नऊच्या आसपास. आणखी थोड्या दिवसांत तो सूर्याकडे उतरणार आणि मग आपल्याला दिसणार नाही. परत येईल म्हणावं, तर तेही नाही.

मग मी गेलो. बायकोला म्हणालो, अक्कलकुव्याला तार आणायला जातो. तार मी तीस वर्षं शहाद्याहून आणतो. तिने काही न विचारता मेथीचे लाडू बांधून दिले, आणि दारात म्हणाली, "पोरगीले काही बोलू नका." वही मी पिशवीत लाडवांखाली ठेवली.

तळोदा, अक्कलकुवा, मग मोलगीची जीप. घाट चढताना मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. घर शोधावं लागलं नाही, सिस्टरचं घर सगळ्यांना ठाऊक होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगण शेणाने सारवलेलं. जावई शाळेतून नुकता आला होता. त्याने मला ओळखलं, फोटोत पाहिलं असेल. पाया पडला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती पलीकडच्या पाड्यावर लसीकरणाला गेलीय, दिवस मावळायच्या आत येईल, असं शुद्ध मराठीत सांगितलं. मग माझ्यासमोर बसून राहिला. माझ्याबद्दल त्या माणसाच्या मनात राग असायला हवा होता. तो मला दिसला नाही. त्याने मळ्यात यंदा पपई कशी आहे ते विचारलं.

ती आली तेव्हा अंगणातूनच शेजारणीशी मोठ्याने बोलत होती, भिलीत. मला एक शब्द कळला नाही. आवाज तिचा होता आणि बोली परकी, म्हणून मी क्षणभर कोण आलंय तेच ओळखलं नाही. मला पाहून ती थबकली. लशीची पेटी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि पाया पडली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

चहा झाला. कपबशीतला, पाहुण्याला देतात तसा. आईचे गुडघे, म्हैस, लाडू, सगळं झालं. मग मी पाठ केलेलं वाक्य बोललो. म्हटलं, त्या दिवशी धाब्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. हे ऐकताच जावई उठून बाहेर गेला.

"जाऊ दे आबा, जुनं व्हई गयं," ती म्हणाली. अगदी सहज. तिला ते खरंच जुनं झालं होतं. माझ्या मनात ते रोज ताजं होतं, आणि तिकडे ती कधीच पुढे निघून गेली होती. तिला माझ्याशी भांडायचंही उरलं नव्हतं.

मग मी विचारलं. धूमकेतू. दसऱ्याच्या वेळचा. ती खालची रेघ दिसली का.

ती जराशी ओशाळली. "मायनी सांगं व्हतं. दर रविवारी सांगे. पन ऱ्हाईच गयं, आबा."

राहूनच गेलं. दसरा झाला की इथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, तिने सांगितलं. ट्रक निघायच्या आत पोटुशा बायका तपासायच्या, पोरांच्या लशी पुऱ्या करायच्या. एकदा ट्रक गेला की बाई सहा महिने हाती लागत नाही. रोज चार पाडे. संध्याकाळी घरी यायची ती आडवीच व्हायची. ती सांगत होती त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि चांगलं होतं. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटलाही, पण आधी मला एवढंच कळलं की सहा महिने मी एकटाच बघत होतो. नियम कोणी पाळला नव्हता. तिकडे कसली चिठ्ठीच नव्हती. मी वही पिशवीतून काढली नाही.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार. ती पटकन उठली, आणि कणगीच्या मागे हात घालून बायनाक्युलर काढलं. पदराने पुसलं. "आजून दिखस का? चाल, दखाड माले."

आम्ही अंगणात आलो. दिवस मावळून अंधारत होतं, पश्चिमेला डोंगराची कड काळी, वर आभाळ इतकं स्वच्छ की म्हसावदला कधी नसतं. मी आधी बायनाक्युलर डोळ्यांना लावलं. आत नुसतं पांढुरकं. भिंगांवर बुरशी चढली होती, तीन पावसाळ्यांची, दुधाची साय धरावी तशी. शुक्राचाही गोळा झाला होता. त्यातून नऊ आकड्याचा धूमकेतू दिसणं शक्य नव्हतं. खरं तर नव्या कोऱ्या बायनाक्युलरमधूनही ते कठीणच होतं.

हे मी तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मी जागा दाखवली. त्या सागाच्या शेंड्यावरून चार बोटं वर, मग थोडं डावीकडे. तिने बायनाक्युलर धरलं. मी तिच्या शेजारी उभा होतो, पूर्वी राहायचो तसा. ती बराच वेळ बघत होती. आतून तिच्या सासूने काहीतरी विचारलं, तिने बायनाक्युलर न काढताच भिलीत उत्तर दिलं.

"दिखना, आबा," ती म्हणाली. आवाजात खुशी होती, माझ्यासाठी आणलेली.

मला तिथंच थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी विचारलं, "कितला?"

तिने बायनाक्युलर खाली केलं, गळ्यात अडकवलं, आणि माझ्याकडे बघून हसली.

"तू म्हनशी तितला."

मी नऊ म्हणालो. ती बरं म्हणाली, आणि मला भूक लागली असेल म्हणून भाकरी टाकायला आत गेली.